ओळखीची बँक

"तिथे ओळखीचं कोणी आहे का?"

रोह्याला बिऱ्हाड हलवून आठ दिवस झाले होते. गॅस झाला, दूधवाला झाला, कुंडलिकेच्या पलीकडे अष्टमीत एक बरा शिंपीसुद्धा सापडला. राहिली होती बँक. ह्यांचा पगार धाटावच्या कंपनीने ठरवून दिलेल्या बँकेतच जमा होतो, त्यामुळे तिथे प्रश्न नव्हता. प्रश्न बाबांचा होता. साताऱ्याच्या घराचा त्यांचा वाटा विकून आलेले नऊ लाख रुपये कुठे ठेवायचे? मी रोज एका बँकेचं नाव घ्यायचे आणि बाबा रोज तोच प्रश्न विचारायचे. ओळखीचं कोणी आहे का?

आधी मी वैतागायचे. बँकेत काय ओळख दाखवायची, आधार आणि पॅन दाखवलं की झालं! पण बाबा जन्मभर हायस्कुलात शिक्षक होते आणि त्यांचे सगळे व्यवहार शिक्षकांच्या पतपेढीतून झालेले. आमच्या घराची कौलं, ताईचं लग्न, माझी इंजिनिअरिंगची फी, सगळं तिथूनच. कर्जाला दोन सहकारी शिक्षक जामीन आणि हप्ता थेट पगारातून कापून. बाबांनीही कितीजणांच्या अर्जावर सह्या केल्या असतील. त्यातल्या एकाने हप्ते बुडवले, नोकरी सोडून गेला, आणि वर्षभर बाबांच्या पगारातून त्याचं कर्ज कापलं जात होतं. आई त्या माणसाचं नाव काढलं की अजून पदर खोचते. बाबा मात्र म्हणतात, "सही केली होती ना मी? मग?"

ही "मग?" मला फार वर्षं कळली नव्हती. रोह्यात नवीन असल्याने संध्याकाळी वेळच वेळ होता, म्हणून जरा वाचत बसले, तेव्हा थोडी कळली.

पतपेढीची कल्पना मूळची जर्मनीतली. शुल्झ-डेलित्श यांनी 1850 मध्ये शहरातल्या कारागीर-दुकानदारांसाठी पतसंस्था काढली आणि रायफायझन यांनी 1864 मध्ये खेड्यातल्या शेतकऱ्यांसाठी. रायफायझन यांचा नियम मोठा कडक. संस्था एवढ्याच टापूत चालवायची की प्रत्येकजण प्रत्येकाला ओळखतो. आणि बुडाली तर प्रत्येक सभासद आपल्या सगळ्या मालमत्तेनिशी जबाबदार. म्हणजे शेजाऱ्याने बैलासाठी कर्ज घेतलं आणि त्या पैशात दारू प्यायला, तर ते उद्या माझ्या शेतावर येणार. मग मी शेजाऱ्याच्या गोठ्यात डोकावून बैल आला का ते बघणारच! ओळख म्हणजे इथे गोडगोड हसणं नव्हतं, पाळत होती.

आपल्याकडे बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी 1889 मध्ये अन्योन्य सहकारी मंडळी काढली, तेव्हा असा काही कायदाही नव्हता. मराठी माणसांनी मराठी माणसांसाठी आपसात सुरू केलेली गोष्ट. (नावच बघा किती सुंदर आहे, अन्योन्य!) कायदा आला 1904 मध्ये. त्याने दोन गट केले. ग्रामीण संस्थांना अमर्याद जबाबदारी, आणि शहरी संस्थांना मर्यादित की अमर्याद ते ज्याचं त्याने ठरवायचं. शहरवाल्यांनी काय निवडलं असेल ते सांगायला नको. आपल्या अर्बन बँका त्या शहरी वंशातल्या. मर्यादित जबाबदारी म्हणजे बँक बुडाली तर भागधारकाचा जेवढा शेअर तेवढाच बुडणार. वाईट काहीच नाही त्यात, नाहीतर मोठी संस्था उभीच राहत नाही. पण मग शेजाऱ्याच्या गोठ्यात डोकावणार कोण? ओळख राहिली आणि डोकावणं गेलं, असं मला वाटतं. त्यातून नुसता ठेवीदार असेल तर तो सभासदही नसतो, त्याला सभेत मत नाही, ताळेबंद त्याच्या घरी येत नाही. त्याच्याकडे असतो तो फक्त विश्वास. मॅनेजर आपल्या आळीतला, संचालक आपल्या ओळखीचे, गणपतीला येऊन जातात.

पुढचं मला पेणला कळलं. मावशी पेणला असते. आम्ही रोह्याहून तासाभराच्या गाडीने तिच्याकडे गेलो होतो, बाबांना तिच्या हातच्या पोह्याच्या पापडांची आठवण झाली म्हणून. जेवणं झाल्यावर बाबांनी तिलाही तोच प्रश्न विचारला. मावशी एरवी एका वाक्याला दहा वाक्यं बोलते. ती गप्प झाली. मग म्हणाली, "भावोजी, पेणमध्ये ओळखीच्या बँकेचं नाव काढू नका."

पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले ते सप्टेंबर 2010 मध्ये. बनावट कर्जखात्यांतून पैसे बाहेर गेल्याचं उघड झालं, घोटाळ्याचा आकडा सहाशे कोटींच्या आसपास, ठेवीदार दोन लाखांच्या घरात. पेणसारख्या गावात! त्या वर्षी गणेश चतुर्थी 11 सप्टेंबरला होती. ज्यांना पेण माहीत आहे त्यांना याचा अर्थ सांगायला नको, पण साताऱ्याकडच्या मंडळींसाठी सांगते. पेण, हमरापूर, जोहे हा सगळा पट्टा वर्षभर मूर्ती घडवतो आणि पैसे हातात येतात ते गणपतीच्या तोंडावर. माती, रंग, कारागिरांची मजुरी वर्षभर उधार-उसनवारीवर चालते. म्हणजे गावात वर्षाची कमाई नुकतीच आली आणि त्याच महिन्यात गावच्या बँकेचं शटर अर्धं खाली.

मावशीचं खातं तिथे नव्हतं, निव्वळ योगायोगाने. पण तिला त्रास होतो तो वेगळ्याच गोष्टीचा. ती म्हणाली, "लोकांना फसवणारा परका असता तर शिव्या देऊन मोकळं होता येतं गं."

यानंतर जे झालं ते कायद्याच्या फटीमुळे झालं. ठेवींवरचा विमा आपल्याकडे 1962 पासून आहे (केरळातली पलाई सेंट्रल बँक 1960 मध्ये कोसळली, त्यानंतरचं शहाणपण). सुरुवातीला 1,500 रुपये, मग वाढत वाढत 1993 मध्ये 1 लाख. तिथेच तो 27 वर्षं अडकला. आणि विमा मिळायचा तो बँकेचा परवाना रद्द होऊन ती अवसायनात निघाली तरच. नुसते निर्बंध असतील तर नाही. म्हणजे बँक जिवंत नाही आणि मेलेलीही नाही, आणि ठेवीदार मधल्यामध्ये वर्षानुवर्षं. संघर्ष समिती, मोर्चे, उच्च न्यायालय, सगळं पेणकरांनी केलं. नियम बदलले ते 2019 मध्ये पीएमसी बँक अडकल्यानंतर. 4 फेब्रुवारी 2020 पासून मर्यादा 5 लाख झाली, आणि 2021 च्या दुरुस्तीने बँकेवर निर्बंध आले तरी 90 दिवसांत विम्याचे पैसे द्यायची तरतूद झाली. पीएमसीचे ठेवीदार मुंबईत रिझर्व्ह बँकेच्या दारात बसत होते, टीव्हीवर दिसत होते. पेणचे त्याआधी नऊ वर्षं अडकलेले होते, पण पेण मुंबई नाही ना. असो.

परतीच्या वाटेवर बाबा काहीच बोलले नाहीत. रोहा आलं तेव्हा एकदम म्हणाले, "चिंतामणराव देशमुख इथलेच ना?" हो. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर (1943), त्यांचं बालपण याच रोह्यात गेलं. मला वाटलं आता बाबा रिझर्व्ह बँकेच्या बाजूने बोलणार, म्हणजे माझ्या बाजूने. तर म्हणाले, "ते मुंबईला बसून बघणार. गावातल्या माणसाने बघायला नको?"

दुसऱ्या दिवशी आम्ही कागद घेऊन बसलो. मी सांगितलं, 5 लाखांचा विमा एका माणसाला एका बँकेत, सगळ्या शाखा मिळून, आणि त्यात व्याजही धरलं जातं. म्हणून साडेचार लाख सरकारी बँकेत, चार लाख एका सहकारी बँकेत. बँक या शब्दावर मी अडून बसले, कारण पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमा नाही. त्या रिझर्व्ह बँकेकडे नसतात, सहकार खात्याकडे असतात. पाटी बघून फरक कळत नाही. आमचे घरमालक त्यांच्या पतसंस्थेला आजही बँकच म्हणतात आणि त्यांचा पिग्मीवाला रोज संध्याकाळी येतो.

उरलेल्या पन्नास हजारांवरून मात्र आमचं वाजलं. बाबांना ते पतसंस्थेतच ठेवायचे होते, आणि नुसती ठेव नाही तर शेअर घेऊन सभासद होऊन. "अहो बाबा, मावशीचं ऐकलंत ना?" "ऐकलं म्हणूनच," ते म्हणाले.

तर ते सभासद झाले. अशा संस्थांची वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हावी लागते. बाबांची सभा गणपतीनंतर होती. अहवाल आठ दिवस आधी घरी आला आणि बाबा तो लाल पेन्सिल घेऊन वाचत बसले, दहावीचे पेपर तपासायचे तसेच. थकबाकीच्या रकान्याशी एक गोल आणि बाहेर प्रश्नचिन्ह.

सभेला मी त्यांना स्कूटीवरून सोडलं. हॉलमध्ये मोजून चाळीस-पंचेचाळीस माणसं, आणि दाराशी फरसाण-पेढ्याच्या पाकिटांचा ढीग त्याच्या चौपट तरी. बाबांनी उठून प्रश्न विचारला. अध्यक्षांनी "सर नवीन आहेत आपल्या गावात" म्हणून हसत हसत स्वागत केलं आणि उत्तर लेखी कळवू असं सांगितलं.

अजून आलेलं नाही. बाबा रोज अकराला टपालवाल्याची वाट बघतात, आणि सोमवारी स्वतःच जाऊन विचारणार आहेत म्हणे. तिथल्या क्लार्कशी एव्हाना त्यांची चांगली ओळख झाली आहे :)