मजकूर-सूत्रांचे मॅक्रोत रूपांतर

एक्सेलच्या कोष्टकातील मजकूर हाताळणारी सूत्रे व्हीबीए या भाषेत उतरवण्याची क्रिया. १९९३ मधील पाचव्या आवृत्तीपासून ही भाषा एक्सेलसोबत येते. लेफ्ट, मिड, लेन ही फंक्शन्स दोन्हीकडे त्याच नावाने आहेत. अप्परचे यूकेस होते, सबस्टिट्यूटचे काम रिप्लेस करते. इथवर काम सरळ आहे.

खरा घोळ सारख्या नावांत होतो. सूत्रातील ट्रिम शब्दांमधल्या जादा मोकळ्या जागाही एकीवर आणते. व्हीबीएचे ट्रिम फक्त दोन्ही टोके साफ करते. नाव आणि आडनाव यांच्यात तीन जागा पडल्या असतील तर त्या तशाच राहतात आणि पुढे दोन याद्या जुळवताना ती व्यक्ती सापडत नाही. अशा वेळी वर्कशीटफंक्शनमार्फत मूळचेच ट्रिम वापरणे शहाणपणाचे.

फाइंडऐवजी इनस्ट्र वापरताना क्रम उलटतो: आधी कशात शोधायचे, मग काय. शोध फसला तर फाइंड कोष्टकात ढळढळीत त्रुटी दाखवते, इनस्ट्र मात्र निमूटपणे शून्य देते. ‘पहिल्या मोकळ्या जागेपुढचे सर्व’ म्हणजे आडनाव, असे मिडने काढायचे असेल, तर एकेरी नावाच्या ओळीत शून्यात एक मिळवून अख्खे नावच आडनावाच्या रकान्यात जाऊन बसते. याउलट लेफ्टला शून्यातून एक वजा करून दिले की मॅक्रो तिथेच अडतो, आणि हे अडणेच परवडते. म्हणून इनस्ट्रचे उत्तर आधी चलात घेऊन ते शून्याहून मोठे आहे का, हे इफने तपासतात.