स्थूलतानिवारक आहारपद्धती

शरीरात साठलेला अतिरिक्त मेद कमी करून वजन घटविण्याच्या हेतूने योजिलेल्या आहारविषयक नियमांना स्थूलतानिवारक आहारपद्धती म्हणतात. यांपैकी काही पद्धती वैद्यकीय देखरेखीखाली, व्यक्तीचे वय, व्यवसाय व प्रकृती पाहून आखल्या जातात. इतर अनेक पद्धती एखाद्या पुस्तकामुळे, जाहिरातीमुळे वा प्रसिद्ध व्यक्तीच्या अनुभवकथनामुळे एकाएकी लोकप्रिय होतात, काही वर्षे चालतात आणि मागे पडतात. या दुसऱ्या प्रकारास आहारातील टूम म्हणता येईल. एखादा अन्नघटक सर्व दोषांचे मूळ मानणे किंवा एखाद्या पदार्थास अद्‌भुत गुण चिकटविणे, अल्पकाळात मोठ्या घटीचे आश्वासन देणे आणि सर्वांस एकच नियम लागू करणे, ही टुमेची लक्षणे होत. अशा पद्धतींनी वजन खरोखर घटते काय, या प्रश्नाचे उत्तर मोजमाप किती काळानंतर केले यावर बव्हंशी अवलंबून असते. सहा आठवड्यांनंतर त्यांपैकी बहुतेक यशस्वी ठरतात. दोन वर्षांनंतर फारच थोड्या.

प्राचीन विचार : स्थूलतेचा विचार प्राचीन वैद्यकात आढळतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २१ व्या अध्यायात आठ प्रकारची शरीरे निंद्य म्हणून सांगितली असून अतिस्थूल व अतिकृश ही त्यांतील दोन होत. स्थूल माणसाचा जठराग्नी प्रखर असतो व त्यास भूक आवरत नाही, हे निरीक्षण तेथे नोंदविले आहे. यावर पचावयास जड पण पोषण न वाढविणारे अन्न, तसेच जव, कुळीथ, मूग, ताक व मध यांचा वापर सांगितला असून व्यायाम, जागरण इत्यादी गोष्टी क्रमाक्रमाने वाढवाव्यात, असा निर्देश आहे. उपायांतील हा सावकाशपणा लक्षणीय आहे. ग्रीक भाषेत आहारनियमनास ‘दिआइता’ हा शब्द होता व त्याचा मूळ अर्थ ‘जीवनक्रम’ असा होता. केवळ खाण्यापिण्याची यादी एवढा संकुचित अर्थ त्यास नंतर आला.

यूरोपातील प्रारंभ : व्हेनिसच्या प्रदेशातील लूईजी कोर्नारो यांनी १५५८ मध्ये मिताहारावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. दररोज १२ औंस अन्न व १४ औंस मद्य हे त्यांचे प्रमाण होते. मात्र त्यांचा हेतू दीर्घायुष्याचा होता. स्कॉटिश वैद्य जॉर्ज चेनी (मृत्यू १७४३) यांचा अनुभव या विषयाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. लंडनमध्ये वैद्यकी करताना मेजवान्या व मद्यपान यांमुळे त्यांचे शरीर अतिशय स्थूल झाले. दूध व वनस्पतिज अन्न यांवर राहून त्यांनी वजन घटविले, परंतु नेहमीचे खाणेपिणे सुरू होताच ते पुन्हा वाढून ३२ स्टोनांच्या (सु. २०३ किग्रॅ.) वर गेले. अखेर दुग्धशाकाहार कायमचा पतकरल्यावरच त्यांस आराम पडला. १७३३ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी हा वृत्तांत स्वतःच दिला आहे. घटलेले वजन परत येते, याची ही एक जुनी व प्रामाणिक नोंद होय. फ्रान्समध्ये ब्रिया-साव्हारँ यांनी १८२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वादविषयक ग्रंथात स्थूलतेचा दोष पिठूळ व पिष्टमय पदार्थांना दिला.

बँटिंग यांची पुस्तिका : आधुनिक अर्थाने पहिली लोकप्रिय आहारपद्धती विल्यम बँटिंग (१७९६–१८७८) यांच्या नावाने ओळखली जाते. बँटिंग हे लंडनमधील नामांकित अंत्यविधी-व्यवस्थापक होते. निवृत्तीनंतर, ऑगस्ट १८६२ मध्ये, त्यांची उंची ५ फुट ५ इंच व वजन २०२ पौंड (सु. ९२ किग्रॅ.) होते. वाकून बुटाचे बंद बांधणे वा जिन्यावरून सरळ उतरणे त्यांस जमत नसे. नौका वल्हविण्याचा व्यायाम त्यांनी करून पाहिला होता. पण त्यामुळे भूक वाढून वजनही वाढले. ऐकू कमी येऊ लागल्यामुळे ते कर्णरोगतज्ज्ञ विल्यम हार्वी यांच्याकडे गेले. हार्वी यांनी पॅरिस येथे शरीरक्रियावैज्ञानिक क्लोद बेर्नार यांचे यकृत व मधुमेह यांविषयीचे विवेचन ऐकले होते. त्या आधारे त्यांनी बँटिंग यांस पाव, लोणी, दूध, साखर, बिअर व बटाटे वर्ज्य करावयास सांगितले. मांस, मासे, भाज्या, थोडा भाजलेला पाव व द्राक्षमद्य यांस मुभा दिली. सुमारे वर्षभरात वजन ४६ पौंडांनी (सु. २१ किग्रॅ.) उतरले. बँटिंग यांनी १८६३ मध्ये स्थूलतेविषयी जनतेस उद्देशून एक पत्ररूप पुस्तिका छापून प्रथम विनामूल्य वाटली. पुढे तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. त्यांच्या नावापासून इंग्रजीत क्रियापद बनले आणि स्वीडिश भाषेत वजन घटविण्यासाठी आहार आवरणे या अर्थी ‘बान्ता’ हे क्रियापद आजही रूढ आहे.

या पुस्तिकेने एक साचा घालून दिला. त्रस्त गृहस्थ, निरुपयोगी ठरलेले उपाय, अचानक भेटलेला जाणता वैद्य, एक दोषी अन्नघटक आणि आकड्यांत सांगितलेले यश हा क्रम पुढील दीडशे वर्षांच्या बहुतेक लोकप्रिय आहारग्रंथांत आढळतो. बँटिंग प्रामाणिक होते व त्यांस खरोखर गुणही आला. मात्र एका व्यक्तीस आलेला गुण सर्वांस येईल काय आणि आला तर तो टिकेल काय, हे दोन प्रश्न या साच्यात बसत नव्हते.

कॅलरीमापनाचे युग : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत माक्स रूबनर व अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर यांच्या प्रयोगांनी अन्नातील ऊर्जा व शरीराने खर्च केलेली ऊर्जा मोजण्याचा मार्ग खुला झाला. हे ज्ञान सामान्य वाचकांपर्यंत नेले ते अमेरिकन वैद्य लूलू हंट पीटर्स यांच्या १९१८ च्या पुस्तकाने. पदार्थ वजनाने किंवा संख्येने न मोजता त्यांतील कॅलरींनी मोजावेत, असा त्यांचा आग्रह होता. त्याच सुमारास होरेस फ्लेचर (१८४९–१९१९) यांनी घास पातळ होईपर्यंत चावण्याचा प्रचार केला, तर विल्यम हे यांनी पिष्टमय पदार्थ व प्रथिने एकाच जेवणात घेऊ नयेत, असा नियम घातला. १९३० च्या सुमारास ग्रेपफ्रूट या फळावर भर देणारा ‘हॉलिवुड आहार’ गाजला. त्या फळात मेद जाळणारे द्रव्य असल्याची समजूत पसरली. वस्तुतः या आहारातील दैनंदिन ऊर्जाच अतिशय कमी असल्याने वजन घटत असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर : १९६१ मध्ये हर्मन टॅलर यांचे कॅलरी मोजण्याची गरज नाही, असे सांगणारे पुस्तक अमेरिकेत प्रचंड खपले, त्याच्या अनुषंगाने चाललेल्या गोळ्यांच्या विक्रीवरून १९६७ मध्ये त्यांस न्यायालयाने दोषी ठरविले. रॉबर्ट ॲटकिन्स यांनी १९७२ मध्ये कार्बोहायड्रेटे अत्यल्प व वसा (स्निग्ध पदार्थ) मुबलक अशी पद्धती मांडली. तत्त्वतः ती बँटिंग यांच्या पद्धतीच्या जवळची होती. १९८१ मध्ये ठराविक क्रमाने फळे खाण्यावर आधारलेली ‘बेव्हर्ली हिल्स’ पद्धती आली. खुद्द बँटिंग यांचे नावही २०१३ नंतर दक्षिण आफ्रिकेत अशाच एका पद्धतीस पुन्हा लाभले.

टुमा नेहमीच निरुपद्रवी असतात असे नाही. १९७६ नंतर अमेरिकेत द्रवरूप प्रथिनांवर राहण्याची प्रथा पसरली. कातडी व तत्सम प्राणिज अवशेषांतील हीन दर्जाची प्रथिने हाच अनेकदा जवळजवळ एकमेव आहार असे. १९७७-७८ मध्ये या प्रथेशी संबंधित सुमारे ६० मृत्यू नोंदले गेले. त्यांपैकी कित्येकांत हृदयस्पंदनाचा घातक अनियमितपणा आढळला.

वजन घटण्याची कारणे : परस्परविरोधी नियम असूनही बहुतेक पद्धतींनी प्रारंभी वजन घटते. पहिले कारण असे की, कोणताही मोठा अन्नवर्ग वर्ज्य केला किंवा जेवणाच्या वेळा मर्यादित केल्या, तर एकूण ऊर्जासेवन न मोजताही कमी होते. दुसरे कारण पाण्याचे होय. यकृत व स्नायूंत ग्लायकोजेन साठलेले असते व प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी असते. कार्बोहायड्रेटे तोडताच हा साठा संपून त्याबरोबरचे पाणी बाहेर पडते. त्यामुळे पहिल्या काही दिवसांत एक-दोन किग्रॅ. वजन उतरल्याचे दिसते. मेद मात्र तितका घटलेला नसतो. याच प्रारंभिक घटीवर जाहिरातींचा भर असतो.

वजन परतण्याची कारणे : या बाबतीत ॲन्सेल कीझ यांनी मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये केलेला प्रयोग पायाभूत मानला जातो. युद्धात शस्त्र धरण्यास सदसद्‌विवेकबुद्धीने नकार दिलेल्या ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे रोज सुमारे १,५७० किलोकॅलरी आहारावर ठेवण्यात आले. त्यांचे वजन सुमारे एकचतुर्थांशाने घटले. चयापचयाचा वेग मंदावला, थंडी सोसेना, मन सतत अन्नाभोवती घोटाळू लागले. काहींनी पाकक्रियेची पुस्तके जमविली. भरपूर अन्न मिळू लागल्यावरही त्यांची भूक दीर्घकाळ शमेना आणि स्नायूंच्या आधी मेद भरून आला. हे तरुण स्थूल नव्हते. परंतु शरीर घटत्या वजनास दुष्काळ समजून प्रतिकार करते, हे या प्रयोगाने दाखविले. १९९५ मध्ये लायबल व सहकाऱ्यांनी स्थूल व्यक्तींतही वजन १० टक्क्यांनी घटल्यावर ऊर्जाव्यय अपेक्षेपेक्षा अधिक कमी होतो, असे सिद्ध केले. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधनात, आहाराने वजन घटविलेल्यांच्या शरीरात भूक वाढविणारे हॉर्मोनांतील बदल वर्षानंतरही टिकून असल्याचे दिसले. म्हणून वजन परतणे हा केवळ मनोनिग्रहाचा अभाव नव्हे. टुमेचे प्रवर्तक मात्र यशाचे श्रेय पद्धतीस व अपयशाचा दोष आचरणाऱ्यास देत आले आहेत. त्यामुळे अनेकांना वारंवार वजन घटविण्या-वाढविण्याच्या चक्राबरोबर अपराधी भावनाही सोसावी लागते.

तुलनात्मक संशोधन : विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत या पद्धतींची समोरासमोर तुलना क्वचितच झाली होती. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६३ व्यक्तींच्या पाहणीत अल्प कार्बोहायड्रेटांच्या आहाराने सहा महिन्यांपर्यंत अधिक वजन घटले. वर्षाअखेरीस फरक उल्लेखनीय राहिला नाही. २००५ मध्ये १६० व्यक्तींवर चार नामांकित पद्धती तपासल्या असता वर्षानंतर सरासरी घट २.१ ते ३.३ किग्रॅ. एवढीच आढळली. घटीचा संबंध कोणती पद्धती घेतली याच्याशी नसून ती किती काटेकोरपणे पाळली याच्याशी दिसून आला. २००९ मध्ये ८११ व्यक्तींच्या दोन वर्षांच्या पाहणीत वसा, प्रथिने व कार्बोहायड्रेटे यांची प्रमाणे बदलूनही परिणाम सारखेच निघाले. २०१८ मध्ये ६०९ व्यक्तींच्या पाहणीत अल्प वसेच्या आहाराने सरासरी ५.३ व अल्प कार्बोहायड्रेटांच्या आहाराने ६ किग्रॅ. घट झाली, परंतु प्रत्येक गटात सुमारे ३० किग्रॅ. घटलेले व १० किग्रॅ. वाढलेले असे दोन्ही प्रकारचे लोक होते. सरासरीत न दिसणारा हा व्यक्तिभेद, सर्वांस एकच नियम सांगणाऱ्या टुमेविरुद्धचा प्रबळ पुरावा होय. २०२० मध्ये १२१ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातही सहा महिन्यांचा लाभ वर्षाअखेरीस बव्हंशी ओसरल्याचे आढळले.

महाराष्ट्रातील स्थिती : एकभुक्त राहणे, एकादशी व चातुर्मासातील नेम यांमुळे उपवासाची कल्पना महाराष्ट्रात परिचित आहे. तथापि तिचा हेतू व्रताचा असतो; साबुदाणा, शेंगदाणे, बटाटे व तूप यांच्या फराळातील ऊर्जा नेहमीच्या जेवणाहून कमी असतेच असे नाही. अलीकडे श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) यांनी व्याख्यानांतून मांडलेला व जगन्नाथ दीक्षित यांनी पुढे प्रसारित केलेला, दिवसातून दोनच वेळा आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याचा नियम मराठी समाजात विशेष लोकप्रिय झाला. खर्च नाही व मोजमाप नाही, हा त्याचा सोयीचा भाग होय. खाण्याची वेळ मर्यादित करण्याच्या एका निराळ्या पद्धतीची चीनमध्ये १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर तपासणी होऊन २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : कॅलरी दोन्ही गटांत सारख्याच आवरल्या असता वेळेच्या बंधनाने उल्लेखनीय अधिक लाभ झाला नाही. इन्शुलिन वा रक्तशर्करा घटविणारी काही औषधे घेणारे मधुमेही, गर्भवती स्त्रिया व वाढत्या वयाची मुले यांनी दीर्घ लंघन वैद्यकीय सल्ल्यावाचून करणे धोक्याचे असते.

मूल्यमापन : यावरून आहारनियमन व्यर्थ आहे, असा निष्कर्ष निघत नाही. अमेरिकेत मधुमेहाचा धोका असलेल्या ३,२३४ व्यक्तींच्या पाहणीत (२००२) सुमारे ७ टक्के वजनघटीचे व आठवड्यास १५० मिनिटे व्यायामाचे उद्दिष्ट ठेवलेल्या गटात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. अशी माफक घट बाह्य रूपात फारशी जाणवत नाही, पण आरोग्यास ती मोलाची असते. भूक आवरणारी नवी औषधे २०२१ पासून स्थूलतेसाठी प्रचारात आली आहेत. तीही थांबविल्यावर वजन बऱ्याच अंशी परतते. टुमेचा दोष ती वजन घटवीत नाही हा नसून, अल्पकाळ पाळावयाच्या नियमाकडून कायमच्या फलाची अपेक्षा निर्माण करते हा आहे. आहारपद्धती निवडताना ती किती लवकर वजन उतरविते यापेक्षा ती घरच्या स्वयंपाकात, मिळकतीत व दिनक्रमात वर्षानुवर्षे बसेल काय, हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते. चेनी यांस हा अनुभव अठराव्या शतकातच आला होता.