लखनौचे चारबाग स्थानक

लखनौच्या चारबाग स्थानकाबाहेर येऊन मागे वळून पाहिले, की हे आगगाडीचे स्थानक आहे यावर पहिल्याने विश्वासच बसत नाही. तांबड्या-पांढऱ्या रंगाच्या कमानी, छत्र्या, घुमट आणि मनोरे पाहून एखाद्या नबाबाच्या हवेलीसमोर उभे असल्याचा भास होतो. उंचावरून पाहिल्यास ही इमारत मांडलेल्या बुद्धिबळाच्या पटासारखी दिसते आणि गाड्यांचा खडखडाट दर्शनी देवडीपर्यंत पोचत नाही, असे लखनौकर अभिमानाने सांगतात. बुद्धिबळाच्या नादात राज्य घालवल्याचा बोल ज्या शहराला लागला, त्याच्या वेशीवर हा पट मांडला जावा, ही गंमतच म्हणावयाची.

चारबाग हे नाव रेल्वेच्या पुष्कळ आधीचे. नबाब आसफउद्दौला याने 1775 मध्ये फैजाबादहून राजधानी लखनौला आणली, त्यानंतर नबाबी अमदानीत शहराभोवती जे बागबगीचे उठले त्यांतलाच हा एक. 1857 च्या 25 सप्टेंबरला हॅवलॉक व औट्रम यांची फौज रेसिडेन्सीतील वेढलेल्या इंग्रजांच्या मदतीला आली, तेव्हा चारबागच्या पुलावर तुंबळ लढाई झाली. त्या वर्षाची धास्ती राज्यकर्त्यांच्या मनातून लवकर गेली नाही. फौज जलद हलवता यावी ही निकड देशभर रेल्वेच्या मुळाशी होतीच. अयोध्या प्रांतात ती अधिकच होती. 1867 मध्ये लखनौ-कानपूर मार्ग खुला झाला. पुढे तो अवध-रोहिलखंड रेल्वेकडे गेला, आणि बरेली, फैजाबाद, बनारस अशा दिशांनी फाटे फुटून लखनौचे जंक्शन झाले. शेजारी मीटरगेजचा अरुंद रूळ आला तो गोरखपूर, गोंडा या तराईच्या मुलखातून. दोन रुंदीचे रूळ जिथे भेटतात तिथे एका रुळावरची वाघीण दुसऱ्यावर जात नाही. माल उतरवून पुन्हा भरावा लागतो. हमालांच्या कित्येक पिढ्या या कामावर जगल्या. आजही चारबागला लागूनच दुसरे लखनौ जंक्शन उभे आहे. पहिले उत्तर रेल्वेचे, तर दुसरे पूर्वोत्तर रेल्वेचे. पुष्पक एक्स्प्रेसने गेलेला मुंबईकर प्रवासी कित्येक वर्षे या दुसऱ्या स्थानकात उतरत आला आहे.

आजची इमारत विसाव्या शतकातली. 1914 च्या मार्चमध्ये तिचा पाया घातला गेला व 1923 मध्ये ती पुरी झाली. आराखडा जे. एच. हॉर्निमन यांचा; बांधकामात चौबे मुक्ताप्रसाद या भारतीय अभियंत्याचा मोठा वाटा होता. सत्तर लक्ष रुपये खर्च आला असे सांगतात.

बांधकाम चालू असतानाच या स्थानकाला त्याचा सर्वांत मोठा दिवस पाहावयास मिळाला. 1916 च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन लखनौला भरावयाचे होते. सुरतेला 1907 मध्ये फुटलेले जहाल व मवाळ पुन्हा एका मांडवात येणार होते. मुस्लिम लीगही त्याच शहरात बसणार होती. मंडालेहून 1914 मध्ये सुटून आलेल्या लोकमान्यांनी त्या वर्षी एप्रिलात बेळगावला होमरूल लीग स्थापली होती. महाराष्ट्रातील प्रतिनिधींसाठी त्यांनी एक खास गाडीच ठरवली. तिला लोक ‘होमरूल स्पेशल’ म्हणू लागले.

स्वागतमंडळाच्या पुढाऱ्यांना टिळकांचा गाजावाजा नको होता. स्थानकावर त्यांना मोटारीत बसवावे व शहराबाहेरून मुक्कामी न्यावे, असा त्यांचा बेत. तरुणांना मिरवणूक हवी होती. शहाजहानपूरचा रामप्रसाद नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा मोटारीसमोर आडवा झाला आणि ‘गाडी माझ्या अंगावरून न्या’ म्हणून रडू लागला. आणखी काही जण त्याच्या शेजारी पडले. वडीलधाऱ्यांनी परोपरीने समजावले; इतक्यात कोणीतरी मोटारीचा टायरच कापून टाकला. मग एक भाड्याची घोडागाडी आणली गेली, घोडे सोडले गेले आणि पोरांनी ती स्वतः ओढली. गाडीत पुण्याचे टिळक होते, ओढणारे अवध-रोहिलखंडातले. प्रांताप्रांतांच्या ऐक्याविषयी त्या अधिवेशनात ठराव पुष्कळ झाले असतील. पण हे ऐक्य आधी स्थानकाबाहेरच्या धुळीत घडले.

याच अधिवेशनाच्या सुमारास गांधीजी व जवाहरलाल यांची पहिली भेट झाली. चंपारणचे राजकुमार शुक्ल निळीच्या शेतकऱ्यांचे गाऱ्हाणे घेऊन गांधीजींना भेटले तेही इथेच. लखनौ कराराबद्दल टिळकांनी पुढे स्वकीयांची टीका पुष्कळ सोसली. त्या कराराचे मोल अजून वादाचा विषय आहे.

मोटारीपुढे पडलेला तो मुलगा म्हणजे रामप्रसाद ‘बिस्मिल’. काही वर्षांनी एकदा रेल्वेने जात असता त्याने पाहिले, की स्टेशनमास्तर पैशाची थैली आणतो व गार्डाच्या डब्यातील लोखंडी पेटीत टाकतो. पेटीला साखळी-कुलूप असणार, असा त्याचा तर्क. थोड्या दिवसांनी लखनौच्या स्थानकावर जाण्याचा योग आला, तेव्हा हमाल तसल्याच पेट्या उतरवीत होते. त्याने जवळ जाऊन नीट पाहिले: साखळी नाही, कुलूप नाही. काकोरीचा कट तिथेच मनात ठरला. 1925 च्या 9 ऑगस्टला सहारनपूरहून लखनौला येणारी आठ डाऊन पॅसेंजर काकोरीच्या पुढे साखळी ओढून थांबवली गेली आणि सरकारी पैशाची पेटी फोडली गेली. त्या धांदलीत एक निरपराध प्रवासी गोळी लागून गेला, हेही विसरून चालणार नाही.

खटला लखनौलाच चालला. चौघांना फाशी झाली. दहा वर्षांची सक्तमजुरी झालेल्यांत बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीचे रामकृष्ण खत्री होते. पुढे लखनौलाच त्यांनी घर केले आणि 1996 मध्ये तिथेच देह ठेवला.

बिस्मिल यांना 1927 च्या 19 डिसेंबरला गोरखपूरच्या तुरुंगात फाशी दिले. त्याआधी फाशीच्या कोठडीत त्यांनी आपले आत्मचरित्र लिहिले. हमालांनी उतरवलेल्या पेट्यांची हकीकत त्यात आहे, आणि अकरा वर्षांपूर्वी टिळकांच्या मोटारीपुढे आडवे पडल्याचीही.