फळीचा भाव

सुताराच्या दुकानात रंधा मारलेली सागवानी फळी भिंतीला टेकून उभी असते. गिऱ्हाईक तिच्यावरून हात फिरवते, रेषा पाहते, गाठ कोठे आहे ते विचारते आणि मग घनफुटाचा भाव काढते. भाव निघाला की घासाघीस सुरू होते. झाड कोठे वाढले, कोणी तोडले, ओंडका डोंगरावरून कोणाच्या खांद्यावर खाली आला, हे विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. मी शाळेत फार शिकलो नाही. कामगारांची गाऱ्हाणी लिहिता लिहिता वाचायला लागलो, म्हणून इतिहासाचे पुस्तक उघडले की मजुरीचा आकडा शोधण्याची मला खोड लागली आहे. लाकडाचा इतिहास मी त्याच खोडीने वाचला. श्रोत्यांनी तो त्याच नजरेने ऐकावा.

आपला बुलढाणा जिल्हा कापसाचा जिल्हा म्हणून ओळखला जातो, लाकडाचा म्हणून नव्हे. तरी घाटावर अजिंठ्याच्या रांगेत ज्ञानगंगेचे जंगल आहे आणि घाटाखाली, जळगाव जामोद व संग्रामपूरच्या उत्तरेला, सातपुडा उभा आहे. त्या उतारावर साग, सालई, धावडा, अंजन ही झाडे आहेत. अंबाबरवा आणि ज्ञानगंगा या दोन्ही जंगलांना १९९७ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. जिल्ह्याच्या पूर्वेकडे पाहावे तर मेळघाट, आणि मेळघाटच्या पायथ्याशी परतवाड्याचा जुना लाकूडबाजार. आपल्याकडच्या सुताराला चांगले लाकूड हवे असले की तो परतवाड्याचे नाव घेतो. आणि गिऱ्हाईक शौकीन असले की ते मात्र 'बर्मा साग आहे काय?' असे विचारते. घरचा साग दाराशी असताना समुद्रापलीकडच्या लाकडाची ही ओढ आपल्याला लागली कशी?

सुरुवात मराठी राज्यापासून करू. इ. स. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याचे नियम आहेत. त्यांचा आशय असा : सागासारखी झाडे हुजूरची परवानगी घेऊन तोडावीत, आंबा, फणस यांच्या लाकडाचाही उपयोग होतो, पण त्यांना हात लावू नये, कारण ती एकदोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल तर मालकाला राजी करून, द्रव्य देऊन, मगच तोडावे. या कलमाची वाखाणणी पर्यावरणाच्या भाषणांत नेहमी होते. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. झाड वाढवण्यातही श्रम आहेत, आणि लाकडाच्या किमतीत त्या श्रमांचा वाटा आहे, हे तेथे मान्य केलेले आहे. पुढच्या दोनशे वर्षांत एवढी साधी गोष्ट मान्य करणारा कागद मला क्वचितच भेटला.

कंपनी सरकारचा हिशेब निराळा होता. सुरतेहून १७३६ साली मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांनी व त्यांच्या वंशजांनी मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजे बांधली. त्यांतले १८१७ साली पाण्यात उतरवलेले 'ट्रिंकोमाली' हे जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलच्या बंदरात तरंगते आहे. इंग्लंडात ओकच्या लाकडाची टंचाई पडली होती. साग पाण्यात कुजत नाही आणि त्यातल्या तेलामुळे लोखंडी खिळा लवकर गंजत नाही. हे सागवान मलबारचे. इतके तोडले की १८४० नंतरच्या दशकात मलबारचा कलेक्टर कॉनोली याला निलांबूर येथे साग लावण्याची धडपड करावी लागली. लागवड प्रत्यक्षात उभी केली ती चातू मेनन या देशी अधिकाऱ्याने आणि त्याच्या हाताखालच्या मजुरांनी. त्या जागेला आजही 'कॉनोलीचा प्लॉट' म्हणतात, हे ओघाने आलेच.

मलबार आटल्यावर दृष्टी वळली ब्रह्मदेशाकडे, आणि येथे आपल्याला जरा थांबले पाहिजे. १८५२ च्या लढाईत इंग्रजांनी खालचा ब्रह्मदेश घेतला. १८५६ साली डीट्रिख ब्रँडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ पेगूच्या सागवनांवर नेमला गेला. हाच पुढे १८६४ मध्ये हिंदुस्थानच्या जंगलखात्याचा पहिला मुख्य अधिकारी झाला. त्याने करेन शेतकऱ्यांच्या फिरत्या शेतीत भातासोबत साग लावून घेतला. शेतकऱ्याने दोनचार वर्षे पीक काढायचे, रोपे जगवायची, आणि जमीन सागाच्या हवाली करून पुढे निघून जायचे. जगलेल्या रोपांवर त्याला काही पैसे मिळत. ते झाड तोडणीला येईतो मात्र त्या शेतकऱ्याचा नातूही म्हातारा झालेला असायचा.

तोडणीची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. ओला साग पाण्यावर तरंगत नाही. म्हणून उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती साल आणि खालचे पांढरे लाकूड खोल कापून टाकीत आणि झाड उभ्या उभ्या मरून वाळायला दोनतीन वर्षे तसेच ठेवीत. मग ते पाडायचे, हत्तींकडून ओढ्यापर्यंत ओढायचे, पावसाळ्यात पूर आला की ओंडके ओढ्यातून नदीत आणि नदीतून तराफे बांधून रंगूनला न्यायचे. झाडाला कड घातल्यापासून रंगूनच्या गिरणीत करवत लागेपर्यंत सहज पाच वर्षे जात. या पाच वर्षांत माहूत, कड घालणारे, तराफेवाले असे किती लोक हिवतापाने व पुरात गेले असतील! भांडवल अडकून पडते म्हणून कंपनीची बाजू मांडणारे पुष्कळ आहेत. माणसे अडकून पडत होती, त्यांची बाजू मांडायला त्या वेळी युनियन नव्हती.

या धंद्यातली सर्वांत मोठी पेढी आपल्याच मुंबईत १८६३ साली स्थापन झाली. वॉलेस या स्कॉटिश बंधूंची ती बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन. वरच्या ब्रह्मदेशात राजा थिबाचे राज्य होते, आणि त्याच्या जंगलाचे मक्ते या कंपनीकडे होते. १८८५ साली राजाच्या मंत्रिमंडळाने ठरवले की कंपनीने जितके ओंडके नेले तितक्यांचे पैसे भरले नाहीत, आणि सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. कोणत्याही जंगलखात्याने ठेकेदाराला करावा असाच हा दंड! त्यापुढे काय झाले ते शाळेच्या पुस्तकात आहे. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजी फौजा इरावतीतून वर गेल्या, महिना संपायच्या आत मंडाले पडले आणि १ जानेवारी १८८६ रोजी ब्रह्मदेश खालसा झाला. फ्रेंचांची भीती हेही एक कारण होतेच, ते मी नाकारीत नाही. पण ओंडके मोजण्याच्या भांडणातून एक राज्य गेले, ही गोष्ट उरतेच.

थिबा राजाला आणून ठेवले ते आपल्या रत्नागिरीत. १९१० साली त्याच्यासाठी तेथे राजवाडा बांधला. त्यात ब्रह्मी साग वापरला होता. डिसेंबर १९१६ मध्ये तो तेथेच वारला. कोकणात सहलीला जाणारी आपल्याकडची मंडळी तो वाडा पाहून येतात, लाकूडकाम उत्तम आहे म्हणतात. कैद्याला त्याच्याच जंगलाचे लाकूड दारेखिडक्यांसाठी देणे याला काय म्हणावे हे मला कळत नाही.

हे सारे झाल्यावर रंगूनचा साग मुंबईच्या बंदरात स्वस्त आणि सरळ मिळू लागला. लकडी बंदर, दारूखाना, शिवडी येथे त्याच्या थप्प्या लागल्या. लांब, बिनगाठीची, एकसारख्या रेषेची फळी पाहून सुतार आणि मालक दोघेही खूश झाले, आणि 'बर्मा' हा शब्द प्रतिष्ठेचा झाला. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे शिसवी, कोरीव काम केलेले सोफे आणि टेबले साहेबलोकांत लोकप्रिय होती. त्यांचे लाकूड पश्चिम किनाऱ्याच्या जंगलातले आणि हात गुजराती-मराठी सुतारांचे.

आणि परदेशी लाकडाचा मोह काही आपलाच नव्हे. इंग्लंडात १७२१ साली वसाहतींच्या लाकडावरील जकात उठली आणि तेव्हापासून महोगनीने ओक व अक्रोडाला मागे सारले. ती महोगनी जमेका आणि होंडुरासच्या किनाऱ्यावर आफ्रिकी गुलाम तोडीत. त्यांच्यात एक वाकबगार गुलाम असे. त्याचे काम उंच झाडावर चढून दूरवरच्या रानात पानांच्या रंगावरून महोगनी ओळखण्याचे. अशा माणसाची बाजारातली किंमत इतर गुलामांपेक्षा जास्त. म्हणजे कौशल्याला भाव होता, पण तो भाव त्याच्या मालकाच्या खिशात जाई.

आता घरी परत येऊ. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि दहा वर्षांत आगगाडी आली. जलंब–खामगाव हा फाटा १८७० साली लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाला, कारण मँचेस्टरला खामगावचा कापूस हवा होता. रुळाच्या एका मैलाला १,७६० ते २,००० लाकडी स्लीपर लागत, असा त्या काळचा हिशेब आहे. आठ मैलांच्या एवढ्याशा फाट्यालाही या हिशेबाने १४ ते १६ हजार स्लीपर लागावेत, आणि तेही बारा-चौदा वर्षांत बदलायचे. टिकाऊ म्हणून साग, साल आणि देवदार एवढीच लाकडे मान्य. जंगलखाते आणि जंगलचे कायदे १८६५ व १८७८ साली आले ते याच भुकेपायी. जंगल राखीव झाले, आणि मेळघाटातला कोरकू आपल्याच रानात परवानगीने राहणारा मजूर झाला. वनग्रामात राहायचे तर खात्याच्या कामाला हजर राहिले पाहिजे, हा नियम. १९३० च्या जुलैत बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातले गवत कापून कायदा मोडला, तो याच राखीवपणाविरुद्ध. पण ते आंदोलन गवतापाशी थांबले; लाकूडतोड्याच्या रोजापर्यंत पोचले नाही.

तेथपर्यंत पोचले ते वारली. ठाणे जिल्ह्यात शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेने १९४५ पासून वेठबिगारीविरुद्ध चळवळ चालवली, आणि १९४६ च्या संपात जंगलकामाला दिवसाला किमान सव्वा रुपया मागितला. ठेकेदारांनी आधी संप मोडून काढण्याचा प्रयत्न केला आणि शेवटी त्यांच्या संघटनेला तडजोड करावी लागली. मुंबईच्या गोदामात त्या वर्षी जे लाकूड गेले त्याच्या भावात मजुराच्या शब्दाचा वाटा होता, असे मला वाटते. लगेच पुढच्या वर्षी, १९४७ मध्ये, मुंबई राज्यात जंगल कामगार सहकारी संस्था निघाल्या. ठेकेदाराऐवजी मजुरांच्या संस्थेने तोडणी घ्यायची, ही कल्पना फार चांगली. काही संस्था चांगल्या चालल्या, काहींत जुना ठेकेदारच पडद्याआडून सचिव झाला.

आज काय आहे? म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाची निर्यात बंद केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये तेथे लष्कराने सत्ता घेतली आणि तीन महिन्यांच्या आत अमेरिकेने तेथील सरकारी लाकूड महामंडळावर निर्बंध घातले. जगभरच्या शिसवाच्या जातीवर जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे बंधन आहे. महोगनीवर २००३ पासून. तेव्हा दुकानात 'बर्मा' म्हणून दाखवली जाणारी फळी पुष्कळदा घाना किंवा इक्वेडोरच्या लागवडीतली असते. ती कांडल्याला उतरते आणि ट्रकने आत येते. वाईट असते असे नाही. पण वीस-पंचवीस वर्षांच्या झाडात पांढरे लाकूड जास्त आणि गाभा कमी, हे घेणाऱ्याने फळीचे टोक पाहून ओळखावे. टोकाला पॉलिश लावलेले असेल तर रंधा मागून घ्यावा.

आपला चंद्रपूर-आलापल्लीचा साग याहून सरस आहे, हे दिल्लीलाही पटले आहे : अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली बल्लारशाहच्या डेपोतून लाकूड गेले. तो साग सरकारी लिलावात विकला जातो. लिलावाचे ढीग मोठे, पैसे ठरल्या मुदतीत भरायचे, वाहतुकीचा परवाना काढायचा. चिखली किंवा मेहकरचा एकटा सुतार तेथे उभा राहू शकत नाही. तो व्यापाऱ्याकडून घेतो, व्यापारी सॉ मिलमधून देतो. एका सॉ मिलच्या कामगारांचे गाऱ्हाणे मी काही वर्षांपूर्वी चालवले होते. करवतीवर, ओंडके लोटायला आणि भुसा उपसायला मिळून १५ माणसे. पटावर नावे ९, कारण दहावे नाव आले की कारखान्यांचा कायदा लागू होत होता. त्यांतल्या एकाची दोन बोटे गेली, तो नेमका पटाबाहेरचा. भरपाई मिळाली, पण १४ महिने हेलपाटे घातल्यावर.

अलीकडे महोगनीची रोपे घेऊन लोक शेतकऱ्यांच्या बांधावर येऊ लागले आहेत. बारा वर्षांनी एकरी अमुक लाख, असा छापील कागद त्यांच्या हाती असतो. शेतकऱ्याने त्यांना इतकेच विचारावे की बारा वर्षांनी लाकूड घेणार कोण, ते कोणत्या भावाने, आणि हे करारावर सहीनिशी लिहून देणार की नाही. जून महिन्यात लागवडीची घाई सुरू होते, त्याच्या आत हे विचारलेले बरे.