चार्ज पंप (गिटार पेडलमधील)

गिटारचा ध्वनी बदलणाऱ्या पेडलमध्ये ९ व्होल्ट पुरवठ्यापासून अधिक विद्युत दाब मिळवणारे परिपथ. यातील धारित्र आधी पुरवठ्यावर भारित होते, मग स्विच बदलून त्याच पुरवठ्याशी एकसरीत जोडले जाते. परिपथातील डायोडांवरील दाबाची घट वजा जाता जवळपास दुप्पट दाब मिळतो. त्यामुळे प्रवर्धकाचा वाव वाढतो आणि जोरकस छेडलेला सूरही स्वच्छ उमटतो. बिल फिनेगन यांच्या ‘क्लॉन सेंटॉर’ पेडलमध्ये अशा रीतीने +१८ व −९ व्होल्ट मिळवलेले आहेत. असा पंप चालवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘मॅक्स १०४४’ या चिपचा दोलक श्रवणमर्यादेत चालत असल्यास बारीक शिटी ऐकू येते. चिपची पहिली पिन पुरवठ्याला जोडल्यास दोलकाची वारंवारता वाढून शिटी नाहीशी होते. या चिपला १० व्होल्टपेक्षा अधिक पुरवठा देऊ नये.