सृष्टिनिरीक्षण आणि मुलांचे मासिक

मुलांसाठी निसर्गविषयक मासिक काढावयाचे म्हणजे पशुपक्ष्यांची माहिती सोप्या भाषेत छापावयाची, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. या वाङ्मयाच्या इतिहासातील एक जुने प्रकरण मात्र निराळे आहे. त्याचा कर्ता एक मुख्याध्यापक होता, त्यामुळे मला त्याविषयी अंमळ अधिक आपुलकी वाटते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात लेनॉक्स या गावी हार्लन बॅलर्ड हे हायस्कुलाचे प्रमुख होते. १८७५ मध्ये त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांचे एक सृष्टिनिरीक्षण मंडळ स्थापिले व त्यास लुई आगासी (१८०७–१८७३) या निसर्गशास्त्रज्ञाचे नाव दिले. आगासी शिष्यापुढे एक मासा ठेवीत आणि पुस्तक न उघडता दिवसचे दिवस तोच पाहावयास लावीत, अशी त्यांची ख्याती. १८८० मध्ये बॅलर्ड यांनी ‘सेंट निकोलस’ या मुलांच्या मासिकातून देशभरच्या बालवाचकांस मंडळात येण्याचे आवाहन केले. मेरी मेप्स डॉज यांच्या संपादकत्वाखाली १८७३ पासून चालू असलेले हे मासिक घरोघरी वाचले जात असे. काही वर्षांतच मंडळाच्या शेकडो शाखा निघाल्या. त्यांची वृत्ते, मुलांनी विचारलेले प्रश्न आणि दुसऱ्या मुलांनी धाडलेली उत्तरे मासिकात छापून येऊ लागली.

यात एक दोषही होता. पाहणे म्हणजे गोळा करणे, असा त्या काळचा समज. अंडी आणि टाचणीने टोचलेले कीटक यांची शाखाशाखांत देवाणघेवाण चाले. पुढे १८९९ मध्ये त्याच मासिकाने ‘सेंट निकोलस लीग’ काढली, तेव्हा मुक्या प्राण्यांचे रक्षण हे तिच्या ध्येयांत होते आणि बंदुकीऐवजी कॅमेरा घेऊन रानात जाणाऱ्या मुलांच्या छायाचित्रांना बक्षिसे होती. याच लीगच्या पानांत १९१८ मध्ये अकरा वर्षांच्या रेचल कार्सनचे पहिले लेखन छापले गेले. ते विमानयुद्धावर होते, पक्ष्यांवर नव्हे. तरी कीटकनाशकांचे दुष्परिणाम सांगणारे ‘सायलेंट स्प्रिंग’ (१९६२) लिहिणाऱ्या या विदुषीला पहिले छापील पान मुलांच्या मासिकाने दिले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

बॅलर्ड यांच्या आवाहनानंतर वर्षभरातच, १८८१ मध्ये, आपल्याकडे विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ सुरू झाले. १९१४ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी ते चालविले. चरित्रे, कविता, निबंध आणि सुमारे ३७५ शास्त्रीय लेख बहुतांशी एकट्याने लिहिले. या श्रमांपुढे नतमस्तक व्हावे. शास्त्रविषय सुबोध मराठीत आणणे हेच त्या वेळी मोठे काम होते. परंतु त्या पानांतील मूल ऐकणारे आहे, सांगणारे नाही; आणि आमच्या शाळांनी हीच रीत पुढे चालविली.

मीही तिला अपवाद नव्हतो. माझ्या उमेदवारीच्या काळात सातवीतील एका मुलाने सुगरणीवरील निबंधात लिहिले होते, की घरटे नर विणतो आणि पुष्कळ घरटी अर्धीच सोडून देतो. मी तांबड्या शाईने ते वाक्य खोडले. सालीम अली यांनी किहीमला सुगरणींचे निरीक्षण करून नेमके हेच १९३१ मध्ये प्रसिद्ध केले होते, हे मला पुष्कळ उशिरा समजले. तोवर मुलाची वही रद्दीत गेली होती.