कुर्डी : मे महिन्यात पाण्याबाहेर येणारं मोगूबाईंचं गाव

सांगे : दक्षिण गोव्यातलं कुर्डी गाव वर्षातले बहुतेक महिने साळावली धरणाच्या पाण्याखाली असतं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की मे महिन्याच्या सुमारास चिऱ्याचे चौथरे, विहिरी आणि जुन्या वाटा उघड्या पडतात. तेवढ्या दिवसांतच इथं पायी फेरी शक्य होते. पहिला मोठा पाऊस झाला की संपलं.

गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचा जन्म याच गावात 1904 साली झाला. नाटक मंडळीतून सुरुवात, मग सांगलीत उस्ताद अल्लादिया खाँ यांची तालीम आणि पुढं जयपूर-अत्रौली घराण्यातलं मोठं नाव. 1974 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. किशोरी आमोणकर या त्यांच्या कन्या. गाव बुडालं, आडनावात मात्र राहिलं. आजही फेरीला येणारे बरेचजण आधी मोगूबाईंच्या घराची जागा कुठं, हेच विचारतात.

आता तिथं चौथऱ्याचे अवशेष तेवढे आहेत. पाटी नाही, कुंपण नाही. त्यामुळे सोबत वाट दाखवणारा मूळचा कुर्डीकर असला तरच फेरीला अर्थ. नाहीतर सगळे दगड सारखेच दिसतात. हे घर कुणाचं, शेत कुठवर होतं, कुठल्या विहिरीचं पाणी प्यायचं, हे त्यालाच ठाऊक. पण 1986 च्या आसपास गाव सोडलं तेव्हा जे विशीत होते, ते आज साठीच्या घरात आहेत. हे सगळं त्यांच्याकडून लिहून घ्यायचं तर आत्ताच.

विस्थापितांना वाडें आणि वालकिणी इथं जमिनी मिळाल्या. कदंबकालीन महादेव मंदिराचे दगड सुटे करून ते धरणाजवळ पुन्हा उभारलं गेलं. फेरीनंतर तेही बघून यावं. सोमेश्वराला भाविक आणि कपेलच्या फेस्ताला ख्रिस्ती कुटुंबं दरवर्षी परततात. त्या दिवशी कुर्डीत पुन्हा माणसांची वर्दळ असते. पर्यटकांनी तेव्हा जरा बाजूला राहिलेलं बरं, कारण ते लोक घरी आलेले असतात.

सावली जवळजवळ नाहीच, तेव्हा सकाळी लवकर निघावं आणि प्यायचं पाणी सोबत न्यावं. वरून वाळलेला दिसणारा गाळ काठाला आतून ओला असतो, पाय रुततो. चौथऱ्यांवर चढू नये, चिरा-कौलाचा तुकडा आठवण म्हणून उचलू नये. निघण्याआधी धरणातल्या पाण्याची पातळी विचारून घ्यावी. पाणी उशिरा उतरलं तर गाव दिसतच नाही.